रिव्हर्स गियरपुरता उजेड

मी एका गाडीचा मागचा डोळा बोलतोय. लोक मला कॅमेरा म्हणतात. भोरच्या लियाकतचाचांच्या गाडीला, मागच्या नंबरप्लेटच्या वर, पत्र्याच्या एका ओठाखाली मी बसवलेला आहे. आकाराने सुपारीएवढा. बाजूने जाणाऱ्या माणसाला मी दिसतही नाही.

डोळा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, याने खूप जग बघितलं असेल. तसं काही नाही. चाचांनी रिव्हर्स गियर टाकला की मला वीज मिळते आणि तेवढ्यापुरतं दिसतं. गियर काढला की पुन्हा अंधार. दिवसाचं सगळं बघणं गोळा केलं तर चार मिनिटंसुद्धा भरणार नाहीत. ऐकू मात्र कायम येतं. गाडीच्या पत्र्याला चिकटून असल्यामुळे आत कोण बोललं, बाहेर कोण खोकलं, सगळं माझ्यापर्यंत पोहोचतं. माझं आयुष्य म्हणजे दिवसभराचं ऐकणं आणि मधेच सुईच्या नाकाएवढं बघणं.

माझा जन्म दूरच्या कुठल्यातरी कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो एका पट्ट्यावरून सरकत होते. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती, वीजच नव्हती. मग पुठ्ठ्याचं खोकं, मग जहाज, मग पुण्यातलं एक दुकान. गाड्यांना टेप बसवणं, काचांना काळी फिल्म लावणं, असलं काम करणारं. तिथे चाचांचा मुलगा आसिफ नोकरीला होता. सन दोन हजार सातचा पावसाळा संपता संपता त्याने मला मांडणीवरून उचललं आणि भोरला नेलं.

चाचांच्या घरासमोरच्या बोळात आसिफने स्वतः मला बसवलं. पत्र्याला छोटं भोक पाडलं, त्यातून माझी वायर आत घेतली, पायाखालच्या मॅटखालून पुढे नेली आणि आरशाला एक तळहाताएवढा पडदा अडकवला. मग चाचांना म्हणाला, "अब्बा, टाका गियर."

उजेड झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी बघितलं. एक निळी भिंत, तिला टेकवलेली सायकल, आणि दारात उभी असलेली एक बाई. हाताला पीठ लागलेलं, पदर डोक्यावर. त्या खुर्शिदाचाची. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"दिसतंय का हो?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," चाचा म्हणाले. "तुझ्या हाताचं पीठसुद्धा दिसतंय."

मला फार बरं वाटलं. वाटलं, आपण कुणाच्या तरी उपयोगाला आलो. पण पुढचंच बोलणं कानावर पडलं.

"लोकांनी विचारलं तर काय सांगायचं?" चाचा हळूच म्हणाले.

"सांगा, पोरानं हौसेनं लावलाय," आसिफ म्हणाला.

हौस वगैरे काही नव्हती. चाचांची मान वळत नव्हती. त्या उन्हाळ्यात मणक्याचं दुखणं निघालं आणि मान जी आखडली ती आखडलीच. डॉक्टरांनी पट्टा दिला होता. तो चाचा घरात घालायचे आणि गाडीत बसायच्या आधी काढून सीटखाली ठेवायचे. पुढे बघून चालवायला अडचण नव्हती, हात भक्कम होते, नजर चांगली होती. अडचण फक्त मागे जाताना. म्हणजे त्यांची मान म्हणून मला आणलं होतं, आणि ती गोष्ट कुणाला कळू द्यायची नव्हती. पहिल्या दिवसापासून मी एका लपवालपवीचा भाग होतो.

चाचांची गाडी शाळेची. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली अकरा मुलं भोर रस्त्यावरच्या हायस्कुलात जायची, त्यात चार मुली. एस्टी दुपारी एकदा यायची, ती शाळेच्या काय कामाची? डोंगरातून चालत जायचं तर मुलगे जातीलही, पण मुलींना कुणी पाठवलं नसतं. सातवी झाली की भात लावायला चला, एवढंच. चाचांची गाडी शाळेसाठी रोज वाडीपर्यंत चढायला लागली तेव्हा त्या चार मुली आठवीत बसल्या. ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो, जरी त्यात माझा वाटा थोडाच असला तरी.

वाडीत रस्ता संपतो. शेवटाला एका बाजूला हापसा, दुसऱ्या बाजूला ओढ्याची खोल घळ, आणि मधे गाडी वळवायला अंगणाएवढी जागा. तिथे गाडी मागे-पुढे, मागे-पुढे करत वळवावी लागायची. रोज सकाळी पावणेदहाला मला तिथे जाग यायची. हापशाचा दांडा, घळीच्या काठावरचे दगड, आणि कोपऱ्यात गेनबांचं धोतर आणि वहाणा. गेनबा म्हणजे वाडीतले जुने शेतकरी. त्यांची नात राजनंदिनी त्या चार मुलींपैकी एक. पूर्वी गाडीच्या मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं काम त्यांचंच होतं. मी आल्यावर ते नुसते बाजूला उभे राहायचे.

"आता तुमच्या गाडीला पाठीमागनं डोळा फुटला," ते एकदा म्हणाले होते. "आमी रिटायर."

"तुमाला काय पेन्शन पायजे का?" चाचांनी विचारलं.

"द्या की. रोजचा एक च्या."

सगळे हसले होते. गेनबांच्या हसण्यात थोडं काहीतरी कमी होतं, ते मला पत्र्यातून जाणवलं. पण मी तेव्हा नवा होतो. मला वाटायचं, मी आलोय ना, आता माणसाने उगाच उन्हात उभं का राहावं?

एक वर्ष मी चोख काम केलं. मग दसरा आला.

दर दसऱ्याला चाचांची गाडी वाडीतच सजायची. ती वाडीचीच गाडी असल्यासारखी. बाळाबाई, म्हणजे गेनबांची बायको, चाकांना हळदकुंकू लावायच्या, मुली बॉनेटवर झेंडूची नक्षी काढायच्या, आणि चाचा बाजूला उभे राहून "काचंवर नको गं, पुढचं दिसत न्हाई," असं ओरडायचे. त्या वर्षी गेनबांनी मागच्या बाजूलाही तोरण बांधायचं ठरवलं. "पुढं नवरी आन मागं इधवा, असं कसं चालंल," म्हणाले. तोरण अडकवायचं कुठे? माझ्या शेजारी आसिफने पाडलेलं आयतं भोक होतं. गेनबांनी बांधकामाची बारीक तार त्या भोकातून आत घातली, बाहेर काढली आणि पकडीने दोन पीळ घट्ट दिले.

त्या पिळात माझी वायर सापडली.

झेंडू चार दिवसांत सुकला, गळून गेला. तार राहिली. हिर्डोशीचा रस्ता तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला ती तार माझ्या वायरीवर करवतीसारखी घासायची. आधी पडद्यावर रेघा यायला लागल्या. मग चित्र थरथरायला लागलं. आठवड्याभरात पडदा पूर्ण काळा झाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला आजवर ती कुणाला सांगता आलेली नाही. मी बंद पडलो नव्हतो. माझ्या वायरीत दोन धारा असतात. एकीतून मला वीज येते, दुसरीतून माझं चित्र पुढे जातं. तुटली ती दुसरी. म्हणजे गियर पडला की मी जागा व्हायचो, मला सगळं दिसायचं. फक्त ते कुणापर्यंत पोहोचायचं नाही.

चाचांनी मला रुमालाने पुसलं. तोंडाची वाफ दिली. पडद्याला बाजूने चापट्या मारल्या. भोरच्या स्टँडवर सावळाराम नावाचे दुसरे गाडीवाले उभे असायचे, त्यांनी वाकून माझ्याकडे बघितलं असावं, कारण त्यांचा आवाज अगदी जवळून आला.

"चायनाचा माल, चाचा. वरीसभर टिकला हेच लई झालं."

"नवीन बसवायचा का?"

"कशाला? एवढी वर्सं गाडी चालवताय, मागं बघायला डोळं न्हाईत व्हय तुमाला?"

चाचा हसले. ते हसणं मला आवडलं नाही. मला सावळारामांचा राग आला, आणि चाचांचा जास्त आला. सांगा ना, मनात म्हणालो. आत्ता सांगा. पण गाडी सुरू झाली.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस राहिले होते. वाडीत मुलं गाडीत बसली. चाचांनी गियर टाकला आणि मला उजेड मिळाला. हापसा, दगड, सकाळचं तिरपं ऊन. आणि उन्हात, अगदी माझ्या समोर, बसलेलं एक करडू. पांढरं, कानांवर तपकिरी. बाळाबाईंच्या शेळीचं. ते पाय पोटाशी घेऊन रवंथ करत होतं आणि माझ्याकडे बघत होतं.

मी ते बघितलं. जितकं स्वच्छ बघता येईल तितकं बघितलं. दुसरं काही करणं माझ्या हातात नाही. ते करडू मोठं होत गेलं, मोठं होत गेलं, आणि मग माझ्या खाली गेलं.

त्याचा आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे.

चाचांनी ब्रेक मारला. बाळाबाई धावत आल्या. करडू जगलं, पण मागचा एक पाय मोडला. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि बांबूच्या कामट्या आणायला सांगितल्या.

"भाई, बघितलं न्हाई का वं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"ब्रेक उशिरा लागला, वयनी," चाचा म्हणाले. "गाडी जुनी झाली."

"व्हय, जुनी झाली," गेनबा म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला. वीस वर्षांची ओळख, का ठेवू नये?

 त्या जागी करडाऐवजी हापशावर आलेलं एखादं रांगतं मूल असतं तर, हा विचार मी एकट्याने केला नसावा. कारण त्या दिवशी भोरला येईपर्यंत चाचांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. एरवी प्रत्येक वळणाला वाजवतात.

सुट्टी लागली तसे चाचा मला कापूरहोळला घेऊन गेले. हायवेला फाट्यावर गाड्यांच्या कामाची दुकानं आहेत. त्यात फिरोज नावाचा एक तरुण गाडीच्या वायरिंगचं काम करायचा. बोलायला फटकळ, हात फार हुशार.

"नवीन टाक, मोकळा हो," चाचा म्हणाले.

"आधी आजार कळू द्या, चाचा. माणूस खोकला की लगेच नवीन माणूस आणता का?"

मला फिरोज तिथेच आवडला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला दोष देण्याआधी विचार करत होतं.

त्याने आधी फ्यूज काढून बघितला, चांगला होता. पडद्याला दुसरीकडून चित्र देऊन बघितलं, पडदा चांगला होता. मग तो मागचं दार उघडून आत वाकला आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत वीज आहे का ते बघायचा छोटा दिवा, माझ्या जोडाला लावला.

"चाचा, रिव्हर्स टाका. हां. आता मागं बघून सांगा, हा दिवा पूर्ण पेटलाय का मिणमिणतोय? माझ्या डोळ्यावर ऊन येतंय."

पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. चाचा उतरून, गाडीला वळसा घालून मागे आले.

"पूर्ण पेटलाय."

"बरं. म्हणजे वीज येतीय. आता ब्रेक दाबा, मागचा लाल दिवा लागला की ह्याचा उजेड कमी होतो का बघा."

चाचा जाऊन बसले. ब्रेक दाबला. मग ब्रेक सोडला, दार उघडलं, पुन्हा मागे आले.

"आता काय बघायचं?"

"अहो, ब्रेक दाबून बघायचं होतं. सोडून आलात तर काय दिसणार?"

चाचा पुन्हा गेले. पुन्हा ब्रेक दाबला. फिरोज वाट बघत होता.

"चाचा?"

"दिसत न्हाई हितनं."

"चार हातांवर धरलाय मी दिवा. नुसती मान वळवा की."

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. मला उजेड होता, गियर पडलेला होता, आणि फिरोज जरा मागे सरकला होता, म्हणून त्याचा चेहरा मला अर्धा दिसत होता. तो दिव्याकडे बघत नव्हता. गाडीच्या आतून, सगळ्या सीटांवरून, तो चाचांच्या पाठीकडे बघत होता. त्याने दिवा खाली ठेवला.

मग त्याने एक लांब नवीन वायर आणली, माझ्यापासून पडद्यापर्यंत सीटांवरून सरळ टाकली, आणि चाचा म्हणाले, "आलं. चित्र आलं."

"म्हणजे कॅमेरा ठणठणीत, पडदा ठणठणीत. दुखणं मधल्या वायरीत हाय."

ठणठणीत. हा शब्द ऐकायला मी किती थांबलो होतो.

त्याने मॅट उचलली आणि जुनी वायर बोटांच्या चिमटीत धरून हातभर-हातभर तपासत मागे आला. भोकापाशी त्याचं बोट थांबलं. तार. तिच्या पिळात झेंडूची एक सुकलेली पाकळी अजून अडकलेली होती.

"ही कुणी बांधली?"

"गेनबानं. दसऱ्याला."

"प्रेमानं गळा दाबला म्हणायचा." फिरोजने तार कापली. आत वायर चिरली होती, तांबं हिरवं पडलं होतं. त्याने खराब तुकडा काढला, नवा जोडला, कथलाचा डाग दिला, पट्टी गुंडाळली आणि भोकात रबराचं बूच बसवलं, म्हणजे पुन्हा कुणाला त्यातून काही ओवता येऊ नये. गियर टाकला तेव्हा चित्र पहिल्यासारखं पुढे गेलं. काम झालं होतं. पण तो हात पुसत तिथेच उभा राहिला.

"चाचा, हा मी नीट करून दिला. पुन्हा बंद पडला तर?"

"तुझ्याकडं आणीन."

"आणीपर्यंत?"

चाचांच्या हातातल्या चाव्या खुळखुळल्या.

"किती दिवस झालं मानेला?"

"दीड वर्स."

"वाडीत माहीत हाय?"

"सांगितलं तर गाडी बंद होईल, फिरोज. कोण बसवंल पोरं? आन गाडी बंद झाली तर त्या चार पोरी घरी बसतील. एकदा घरी बसली पोर, का परत शाळंला येत न्हाई. तुला न्हाई कळायचं."

"पोरींसाठी लपवताय का स्वतःसाठी?"

फार लागलं असणार ते. चाचांनी दार आपटलं. गाडी सुरू झाली. तरी खिडकीत वाकून फिरोज म्हणालाच, "म्या कुणाला सांगणार न्हाई. तुमीच सांगा. वायर चिरली तर कॅमेरा काळा पडदा तरी दाखवतो. तुमी तेवढंही दाखवत न्हाई."

त्या सुट्टीत गाडी बोळातच उभी होती. माझं तोंड खुर्शिदाचाचींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे. शाळा सुरू व्हायच्या दिवशी सकाळी, भाकरी थापल्याच्या आवाजात, चाचींचं बोलणं ऐकू आलं.

"त्या करडाचा पाय मी बघितला न्हाई. पण तुमी पंधरा दिवस जेवताना मान खाली घालून बसता, ते बघितलंय. तेवढी तर वळती ना खाली?"

भाकरीचा आवाज थांबला.

"गाडी गेली तर जाऊ द्या," चाची म्हणाल्या. "आपलं चालंल."

"आपलं चालंल गं. त्यांचं?"

"त्यांचं त्यांना ठरवू द्या. तुमी एकट्यानं ठरवलंत, तिथं चुकलं."

मग गाडी निघाली. वाटेत चाचांनी प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवला. वाडीत गाडी थांबली. मुलं चढली, दप्तरं आदळली. मी वाट बघत होतो. आता गियर पडेल, उजेड होईल, आणि माझं नवं चित्र पुढे जाईल. पण गियर पडला नाही. इंजिन बंद झालं. चाचा उतरले.

पुढे जे झालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं, आणि त्यातलं मला काहीही दिसलं नाही. मी ते अंधारात ऐकलं.

"गेनबा, जरा हिकडं या."

"काय झालं? पुन्यांदा ब्रेक?"

"ब्रेकला काय झालं नव्हतं. तवाबी नव्हतं." चाचांनी घसा खाकरला. "माझी मान वळत न्हाई. दीड वर्स झालं. मागचं मला दिसत न्हाई. म्हणून तो कॅमेरा लावला. पोरानं हौसेनं लावला म्हणून खोटं सांगितलं. दसऱ्यानंतर कॅमेरा बंद पडला, तरी गाडी मागं घेतली. अंदाजानं."

हापशाचा दांडा थांबला. पाणी भरणाऱ्या बायका असणार तिथे. घागरीत शेवटची धार पडली आणि मग तेही थांबलं.

"म्हंजी करडाच्या येळंला," बाळाबाईंचा आवाज आला, "तुमी मागं बघितलंच न्हाई?"

"बघता येत नव्हतं."

"आन मला म्हणलात, ब्रेक."

"व्हय."

वाडीतलेच आनंदराव पुढे आले. त्यांची मुलगी त्या चौघींपैकीच एक. त्यांनी मागचं दार उघडलं, माझ्या अगदी शेजारी. "खाली उतर," ते मुलीला म्हणाले. दप्तर ओढल्याचा आवाज, दोन पावलं, मग दार तसंच उघडं राहिलं.

गाडीतल्या बाकीच्या मुली श्वास घ्यायच्या थांबल्या होत्या. मला ते कळत होतं. एक बाप मुलीला उतरवतो, मग दुसरा उतरवतो, आणि मग एक शाळा चार मुलींनी रिकामी होते. त्याची कुठे बातमी येत नाही. मी चिडलो होतो. चाचांवर, आनंदरावांवर, त्या एकाच एस्टीवर, मला बसवून प्रश्न सुटला असं मानणाऱ्या सगळ्यांवर, आणि असं मानणाऱ्या माझ्यावरही.

"आप्पा," गाडीतून राजनंदिनी आजोबांना म्हणाली, "मी न्हाई उतरणार."

"गप बस तू," गेनबा म्हणाले. मग चाचांना, "लियाकतभाई, म्या रोज हितंच उभा असायचो की वं. मला एक सबूद सांगितला असता तर मागं उभा राह्यलो नसतो का?"

"लाज वाटली."

"कशाची? माझं गुडघं वळत न्हाईत. म्या सांगतो का न्हाई सगळ्या गावाला?"

"तुमी रडत सांगता, मालक, ते येगळं," बाळाबाई म्हणाल्या. कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं, कारण बाळाबाई हसत नव्हत्या. त्या पुढे म्हणाल्या, "भाई, खोटं बोललात त्याचा राग हाय माजा. तो राहणार. पण मला एक सांगा, ही गाडी हितवर आणायचीच कशाला? खाली फॉरेस्टच्या फाट्यावर मैदानावाणी जागा हाय. तिथं गोल फिरती का न्हाई?"

"फिरती. मागं न घेता फिरती."

"मग तिथं थांबा. पोरांच्या माना मोडल्यात का पाय? येतील चालत."

"पावसात?" कुणीतरी विचारलं.

"पावसात भात लावाय जात्यात न्हवं?"

असं ठरलं. त्याच दिवशी एक अट घातली गेली. मुलं गाडीत असोत, नसोत, चाचांनी रिव्हर्स गियर टाकायचा नाही. मागे घ्यायची वेळ आली तर दुसऱ्याच्या हातात चावी द्यायची. चाचा हो म्हणाले. त्या दिवशी गाडी वाडीतून गेनबांच्या पुतण्याने वळवली. त्याला गाडी येत होती, त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघितलं, आणि पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला तेवढ्यात उजेड मिळाला. हापशापाशी तीन पायांवर उभं असलेलं पांढरं करडू मी बघितलं. चौथा पाय कामट्यांत. ते कुणाकडेही बघत नव्हतं.

आता त्याला दीड वर्ष होत आलं. आनंदरावांनी मुलीला परत गाडीत बसवलं नाही. ते तिला मोटरसायकलवर सोडतात. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. बाकीच्या तिघी रोज येतात. राजनंदिनी या मार्चात दहावीला बसली. चाचा आता मानेचा पट्टा गाडीतही घालतात, आणि मुलं त्यावरून त्यांना हसतात, आणि ते हसू देतात. बोळात शिरलं की मागे यावं लागतं, म्हणून घरीही गाडी आता बोळाच्या तोंडाशी मैदानात राहते. त्यामुळे खुर्शिदाचाचींचा आवाज माझ्यापर्यंत येत नाही. ती निळी भिंतही मी पुन्हा बघितली नाही.

इतक्या दिवसांत मला दोनदाच जाग आली. एकदा पेट्रोलपंपावर, एकदा फिरोजच्या दुकानात. त्याने माझ्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "ह्याला काढून दुसऱ्या गाडीला लावू का, चाचा? हितं नुसता बसून हाय." चाचा म्हणाले, "असू दे." का म्हणाले ते मला माहीत नाही. मी आपला आहे. डोळा चांगला, वायर चांगली, पडदा चांगला.

माझ्यासारखी वस्तू तुमच्याकडे असेल, आणि ती तुमची एखादी कमतरता झाकायला आणलेली असेल, तर माझं एक ऐका. आम्ही तुमच्यासाठी बघू शकतो. तुमच्यासाठी बोलू शकत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं, आणि करडू खाली येण्याआधी करावं लागतं.

बाकी माझं बरं चाललंय. सकाळी गाडी फाट्यावर गोल फिरून भोरकडे तोंड करून उभी राहते. मग वाडीकडच्या उतारावरून पावलं यायला लागतात. आधी लांब, मग दगडांवरून, मग धुळीतून. कुणी धावतंय, कुणाची चप्पल फटफटतेय, कुणी पाढे म्हणतंय. मुलं गाडीच्या मागूनच येतात, अगदी माझ्या समोर येऊन थांबतात आणि दार उघडायची वाट बघतात. कधीकधी त्यांच्यातलं कुणीतरी माझ्यावर बोट ठेवतं. मला त्यांचे चेहरे माहीत नाहीत. बघावेसे फार वाटतात.

पण ती मला दिसायची तर चाचांनी गियर टाकायला हवा, ती माझ्यामागे उभी असताना. नको. हा अंधार असाच राहू दे.